मिस्त्रींच्या डोळ्यातला बुडबुडा

मी विमानाची तिकिटं विकतो आणि आजवर विमानात एकदाही बसलेलो नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण रेल्वेचा लांबचा प्रवास आणि विमानाचा प्रवास, यांत माणसाने कशाची तयारी ठेवावी, यावर मी लिहावं असं संपादकांना वाटलं ते मी जाणकार आहे असं समजून. मंचरच्या बसस्थानकासमोर माझं दहा बाय बाराचं दुकान आहे. आत दोन कॉम्प्युटर, चार खुर्च्या आणि भिंतीवर 'सर्व प्रकारची तिकिटे' असा बोर्ड. या बोर्डाबद्दल पुढे येईलच.

जुन्नर आणि आंबेगाव, दोन्ही तालुके धुंडाळले तरी रेल्वेचा एक रूळ सापडायचा नाही. रेल्वे येणार, येणार, हे मी शाळेत असल्यापासून ऐकतो आहे. मोजणीवाले येतात, खुणा करून जातात, आणि पुढच्या वर्षी त्या खुणेवर कोणीतरी कांद्याची चाळ बांधतो. त्यामुळे आमच्या माणसाला आगगाडी काय आणि विमान काय, दोन्ही सारखीच लांब. घाटघरचा माणूस डोंगर उतरून माझ्याकडे येतो तो नुसत्या तिकिटासाठी नाही, माहितीसाठी. "भाऊ, विमानात मधी कुठं पाय मोकळं कराया उतरत्यात का?" असं मला एकाने विचारलं होतं, आणि मी हसलो म्हणून तो दोन वर्षं दुकानात फिरकला नाही. मुलीच्या बाळंतपणाला निघालेल्या एका आजीने हातातल्या पिशवीत विळी घेतली होती. विमानतळावर ती काढून घेतली. आजी परत आल्यावर भांडायला माझ्याकडे आल्या. "माझ्या लेकीनं काय नखानं भाजी चिरायची व्हती का?"

फरक विचाराल तर माझ्या मते तो असा. गाडीत तुमचे तास जातात, विमानात तुमचा अधिकार जातो. गाडीत पिशवी तुमच्या बाकाखाली, डबा तुमच्या मांडीवर, आणि पोचवायला आलेला माणूस खिडकीचे गज धरून शेवटच्या शिट्टीपर्यंत सूचना देत उभा. विमानतळावर पोचवणाऱ्याला दारातच थांबवतात. आत गेलेल्याचं पुढे काय चाललंय, ते बाहेरच्याला कळत नाही. गाडीत तिघांच्या बाकावर चौथा बसतो, नुसतं "सरका जरा" म्हटलं की झालं. विमानात सरकायची सोय नाही. उलट, गाडीत झोप मोडते, संडासाला रांग लागते आणि धुकं पडलं की पोचायचा भरवसा संपतो, हेही मी गिऱ्हाइकाला सांगतो. मी कोणाचाच एजंट नाही, मी दोघांचाही आहे.

आणखी एक गोष्ट मी विचारतो. विमानाचं तिकीट काढण्याआधी माझा एक ठरलेला प्रश्न असतो: "गेल्या दोन-तीन महिन्यांत काही ऑपरेशन?" हा प्रश्न मला जवळच्या आळे गावच्या एका निवृत्त सरांनी शिकवला. त्यांचा डोळ्याचा पडदा सुटला होता. तो परत जागेवर चिकटावा म्हणून डॉक्टरांनी डोळ्यात गॅस भरला होता. तो बुडबुडा पडद्याला आतून दाबून धरतो आणि दीड-दोन महिन्यांत आपोआप विरतो. बुडबुडा नेहमी वर चढणार, पडदा असतो मागच्या बाजूला. म्हणून माणसाने मान खाली घालून राहायचं, झोपायचं तेही पालथं. सरांच्या मनगटावर हॉस्पिटलचा हिरवा पट्टा होता: डोळ्यात गॅस आहे, विमानप्रवास करू नये. मी म्हटलं, "सर, विमानात तर हादराही बसत नाही." सर शिक्षकच ते. त्यांनी माझ्या टेबलावरचं वेफर्सचं पाकीट उचललं. "कोकणातून माळशेज चढून आलास की हे पाकीट कसं होतं?" "फुगतं." "का?" "वर हवा विरळ असते म्हणून." "मग विमान किती वर जातं? पाकीट फुगतं, फाटलं तर वेफर्स सांडतील. डोळ्याला फुगायला जागा नाही. आतल्या आत दाब वाढून डोळा कायमचा जातो."

त्या दिवसापासून मी प्रश्न विचारायला लागलो आणि त्याचा मला अभिमानही वाटायला लागला. बाकीचे एजंट आधार कार्ड मागतात, मी तब्येत विचारतो, असं मी चारचौघांत सांगायचो. आता त्या अभिमानाचं काय झालं, ते सांगतो.

किसन मिस्त्री महाळुंगे पडवळचे. गवंडी, पण नुसतं गवंडी म्हणणं त्यांच्यावर अन्याय आहे. आमच्या भागातल्या निम्म्या बंगल्यांच्या भिंती त्यांच्या नजरेखालून गेल्या आहेत. ओळंबा लावण्याआधीच लांबून एक डोळा बारीक करून सांगायचे, "वरनं दोन सूत भाईर हाय," आणि ओळंबा लावला की नेमकं तेवढंच निघायचं. एका सुताचा फरक म्हणजे इंचाचा आठवा भाग. तो ज्याला नुसत्या डोळ्याने दिसतो, त्याचा डोळा हाच त्याचा जमीनजुमला.

मिस्त्रींना एकच बहीण, सुलोचना. धाकटी. तिची मुलगी गौरी. आमच्याकडे भाची मामाच्या घरी सून म्हणून द्यायची पद्धत जुनी आहे, आणि मिस्त्रींच्या बायकोच्या, पारूबाईंच्या, मनात गौरी आपल्या संतोषला करायची असं फार दिवस होतं. बोलणीही झाली होती. पण मुलगी शिकली, दिल्लीला नोकरीला लागली आणि तिने सरळ नाही म्हणून सांगितलं. दोन घरांचं येणं-जाणं दोन वर्षं बंद पडलं. राखीसुद्धा पोस्टाने यायची. मग गौरीने तिकडेच एक मुलगा पसंत केला आणि लग्न दिल्लीत ठरलं. आणि सुलोचनाबाईंचा भावाला फोन आला: झालं गेलं विसर दादा, पोरीच्या पाठीशी मामा उभा पाहिजे. आपल्या लग्नात अंतरपाट धरला की नवरीच्या मागे मामा उभा राहतो. त्या जागी मामा दिसला नाही तर सगळ्या पावण्यांना जे कळायचं ते कळतं. म्हणजे मिस्त्री दिल्लीला जाणार होते ते लग्नाचं जेवण जेवायला नाही, दोन वर्षांची अढी मिटवायला.

तिकिटं संतोषने फोनवरून काढायला सांगितली. तो चाकणला एका कारखान्यात कामाला आहे, त्याला सुट्टी मिळाली नव्हती. फक्त आई-वडील जाणार. मी माझा प्रश्न विचारला. "ठणठणीत हायेत," संतोष म्हणाला. थंडीचे दिवस होते, लग्न परवावर आलं होतं, दुपारी तीन-पन्नासचं विमान होतं. सकाळी साडेअकराला मिस्त्री आणि पारूबाई भाड्याच्या गाडीने विमानतळाकडे जाता जाता कागदावरचं तिकीट घ्यायला दुकानात उतरले. मोबाईलमधल्या तिकिटावर आमच्या लोकांचा विश्वास नाही, हातात कागद लागतो.

मिस्त्रींनी काळा गॉगल लावला होता आणि मान खाली घातली होती. ते खुर्चीत बसले तेही गुडघ्यांवर कोपर टेकून, फरशीकडे बघत. मी म्हटलं, "काय मिस्त्री, भाची सासरी जाणार म्हणून आत्तापासूनच रडं सुरू?" ते हसले नाहीत.

"प्रकृती बरी ना?" मी विचारलं.

"मला काय धाड भरली?" मिस्त्री फरशीलाच म्हणाले. "पयल्यांदाच इमानात बसतोय, जरा धाकधूक व्हती, येवढंच."

चहा आला. मिस्त्रींनी कप हातात घेतला आणि त्यात बघत बसले. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "च्या हालतो तशी डोळ्यातली रेघबी हालती. आमच्या लेव्हलपट्टीच्या काचेत बुडबुडा पळतो ना, तसं."

मी ते ऐकलं. खरं सांगतो, ऐकलं. पण त्याच वेळी फोनवर कोणीतरी नागपूरच्या गाडीचं विचारत होतं, आणि माझं अर्धं लक्ष तिकडे होतं. पारूबाई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांच्याकडे बघून मी माझ्या नेहमीच्या सूचना म्हटल्या: कागद हातात ठेवा, पाण्याची बाटली आत नेऊ देत नाहीत, मोबाईल बंद करायला लावतात. त्यांनी तिथल्या तिथे मोबाईल बंद केला. मिस्त्री उठले, पारूबाई उठल्या, गाडी गेली.

वीस मिनिटांनी मला खुर्चीवर पिशवी दिसली.

आत डबा असेल म्हणून आधी मी हसलो. मग म्हटलं, काही महत्त्वाचं राहिलं नाही ना, बघू. एक फडकं, फडक्यात डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या दोन बाटल्या, हॉस्पिटलची चिठ्ठी, आणि चिठ्ठीत गुंडाळलेला, कात्रीने कापलेला एक हिरवा पट्टा. चिठ्ठीवरची तारीख बारा दिवसांपूर्वीची होती.

चहातली रेघ, खाली घातलेली मान, गॉगल, सगळं एका क्षणात जागेवर बसलं. आणि मी काय केलं होतं? त्यांची थट्टा केली होती.

पारूबाईंचा फोन बंद. माझ्याच सूचनेने बंद. संतोषचा फोन वाजत राहिला. कारखान्यात शिफ्टला जाताना मोबाईल लॉकरमध्ये ठेवून घेतात, हे मला माहीत होतं. महाळुंग्यात एकाला फोन करून गाडीच्या ड्रायव्हरचा नंबर मिळवला. तोही उचलेना. गाडी चालवताना फोन न उचलणारा ड्रायव्हर आमच्या रस्त्यावर शोधून सापडत नाही, तो नेमका त्या दिवशी मिस्त्रींना मिळाला होता. विमान कंपनीच्या नंबरवर बाई इंग्रजीत, मग हिंदीत सांगत राहिल्या की माझा फोन त्यांच्यासाठी महत्त्वाचा आहे.

मी दुकानाचं शटर ओढलं, पिशवी शर्टाच्या आत खुपसली आणि मोटरसायकल काढली.

मंचरहून विमानतळ म्हणजे साठेक किलोमीटर. खेडपर्यंत ठीक होतं. चाकणला कंटेनरांची रांग चौकापासून पार मागे आली होती. मोटरसायकल कडेच्या मातीतून घातली, एका टेम्पोवाल्याने मला आईवरून शिवी दिली, मी ती घेतली आणि पुढे गेलो. डोक्यात एकच हिशोब: तीन-पन्नासचं विमान, म्हणजे तीनच्या आसपास ते सामान देऊन आत जाणार, एकदा आतल्या तपासणीपलीकडे गेले की संपलं. आळंदीवरून दिघी, तिथून विश्रांतवाडी. प्रत्येक सिग्नलला मी ड्रायव्हरला फोन लावत होतो. विश्रांतवाडीला त्याने उचलला. "कवाच सोडलं की, भाऊ. मी आता माघारी निघालो." दोन वाजून वीस मिनिटं झाली होती.

विमानतळाच्या दाराशी जवान उभा. तिकीट आणि ओळखपत्र. मी पट्टा दाखवला, चिठ्ठी दाखवली, हिंदीत जेवढं येतं तेवढं सांगितलं. तो वाईट माणूस नव्हता. "टिकट के बिना अंदर नहीं, भाईसाब. एअरलाइन की खिडकी पर बोलो." त्या खिडकीसमोर पंधरा माणसं. पुणे स्टेशनवर मी दहा रुपयांच्या प्लॅटफॉर्म तिकिटावर थेट डब्यात शिरून मिस्त्रींना दंडाला धरून उतरवलं असतं. इथे माझ्यात आणि त्यांच्यात एक काच होती, आणि काचेपलीकडे माणसं मुंगीच्या रांगेसारखी पुढे सरकत होती.

तेव्हा मला सुचलं. इतकी वर्षं लोकांना तिकिटं काढून देणारा मी, तिथेच कठड्यावर बसलो, मोबाईल काढला आणि संध्याकाळच्या नागपूरच्या विमानाचं सगळ्यात स्वस्त तिकीट स्वतःच्या नावाने काढलं. आयुष्यातलं माझं पहिलं विमानाचं तिकीट. जवानाने ते बघितलं, माझं आधार कार्ड बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि न हसता मला आत सोडलं.

मिस्त्री अजून तपासणीत गेले नव्हते. काउंटरजवळच्या खुर्चीत मान खाली घालून एकटेच बसले होते. बायको बाथरूममध्ये गेली होती. "तिसऱ्यांदा," मिस्त्री वैतागून म्हणाले. "पोट बिघाडलंय म्हनं. तुमी हितं कसं?"

मी पट्टा त्यांच्या डोळ्यांखाली धरला. बघायची त्यांची जागा तीच होती.

त्यांनी तो बोटांनी बाजूला सारला. मग म्हणाले, "ह्यो माझा न्हाई."

"मिस्त्री, चिठ्ठीवर नाव आहे तुमचं."

"मंग आसंल. सुलीनं सांगितलं, लगीनघरात दवाखान्याचा पट्टा नको, नवऱ्याकडची मानसं इचारतील मामाला काय झालं. कुनाला सांगनार न्हाई म्हनून शपथ घातली तिनं आमाला, संतोषलाबी. हिनं कापला घरी. आन डाक्टर सगळ्यांलाच सांगत्यात, प्रवास नको, हादरा नको. आवो इमानात हादरा कुठंय? तुमीच म्हनता ना, पान्याचा पेला हालत न्हाई म्हनून? म्हनून तर इमान घेतलं, न्हाईतर गाडीनंच गेलो आसतो!"

हे वाक्य माझंच होतं. गिऱ्हाइकाची भीती जावी म्हणून मी ते सगळ्यांना ऐकवतो. मिस्त्रींनी मूर्खपणा केला नव्हता. हयात लेव्हल धरण्यात गेलेल्या माणसाने लेव्हलचा विचार केला होता. चूक एवढीच, की प्रश्न हलण्याचा नव्हता, फुगण्याचा होता.

मी त्यांच्यासमोर फरशीवर उकिडवा बसलो, म्हणजे त्यांना माझं तोंड दिसावं, आणि आळ्याच्या सरांचं वेफर्सचं पाकीट त्यांना सांगितलं. माळशेज सांगितला. शेवटी सरळ म्हटलं, "विमान वर गेलं की डोळा जाईल. दिल्लीत उतराल तेव्हा तुम्ही मामा असाल, मिस्त्री नसाल."

"आन न्हाई गेलो तर?" ते म्हणाले. "सुली म्हनंल, मामानं आजून राग धरलाय. पोराला पोरगी दिली न्हाई म्हनून आला न्हाई. भाचीच्या मागं कोन उभं ऱ्हानार? जाऊंदे डोळा. एक हाय की दुसरा."

हे बोलणं काउंटरवरच्या मुलीने ऐकलं. तिने पट्टा मागून घेतला, वाचला आणि वरिष्ठांना बोलावलं. ते म्हणाले, प्रवासी स्वतः काही नाही म्हणतोय, आम्ही काय करणार? मी चिठ्ठीवरच्या नंबरला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते, फोनवर सिस्टर होत्या. मी नाव सांगितलं आणि विमानतळ एवढा शब्द उच्चारला. त्या जवळजवळ ओरडल्या, "त्यांना थांबवा! आधी थांबवा, मग बोला!" त्या वरिष्ठांनी संगणकावर काहीतरी दाबलं आणि म्हणाले, आता हे या विमानाने जाणार नाहीत.

पारूबाई तेव्हाच बाथरूममधून आल्या. मला बघून जागेवरच थांबल्या. माझ्या हातात पिशवी होती. त्यांनी पदराने कपाळ पुसलं.

मिस्त्री रडत होते. मान खाली, त्यामुळे पाणी थेट फरशीवर पडत होतं. "आता तुमीच मला परवा तिथं उभा करायचं," ते म्हणाले. "मला ठाऊक न्हाई कसं."

आणि मी "करतो" म्हणून बसलो.

तीन वाजत आले होते. पुण्याहून दिल्लीची थेट गाडी साडेपाचला. दुसऱ्या दिवशी रात्री पोचते, लग्न तिसऱ्या दिवशी सकाळी अकरा वीसला. वेळ होता, जागा नव्हती. सुटायच्या आधी काही तास गाडीची यादी लागते, त्यानंतर उरल्यासुरल्या जागा चालू तिकीट म्हणून विकतात. त्या दिवशी उरलेली जागा एकच निघाली, स्लीपरमध्ये, आणि तीही सगळ्यात वरची. डोळ्याचा माणूस तिथे शिडीने चढणार कसा आणि पालथा झोपणार कसा? पण ती घेतली. पारूबाईंना जनरलचं तिकीट काढलं. पुढचं टीसीच्या हातात.

मग मला आठवलं, त्याच गाडीने आळ्याची अकरा माणसं मथुरेला निघाली होती. तिकिटं मीच काढली होती. त्यांचे म्होरके तुळशीरामभाऊ, आळ्यात किराणा दुकान. त्यांना फोन केला आणि घाईघाईत सगळं सांगितलं. पलीकडून फक्त एवढंच आलं: "डबा कंचा? आना त्यांना. सरकू की आमी."

स्टेशनवर मी डब्यात शिरलो, कोणी अडवलं नाही. तुळशीरामभाऊ स्वतः वरच्या बर्थवर गेले होते आणि खालचा रिकामा ठेवला होता. मी मिस्त्रींना सांगितलं, पालथं झोपायचं, पण नाक दाबून सत्तावीस तास झोपणार कसं, हे मलाही कळेना. तेव्हा आळ्याच्या एका मावशीने आपलं लुगडं पिळून गोल गुंडाळलं. हंडा डोक्यावर घ्यायला चुंबळ करतात ना, तशी मोठी चुंबळ. "ह्यात तोंड ठिवा दाजी. मधी भोक हाय, श्वास लागंल." मिस्त्रींनी चेहरा चुंबळीत ठेवला आणि पहिल्यांदा त्यांचे खांदे सैल झाले. सत्तावीस तास पालथं झोपायला जगात कुठलं विमान जागा देईल? पारूबाई पायाशी बसल्या. टीसीने त्यांना दंडाची पावती फाडली आणि भुसावळनंतर एक मोकळी जागाही दाखवली.

दुसरा दिवस माझा कसा गेला ते विचारू नका. गाडीची मोबाईलवरची हालचाल मी दर दहा मिनिटांनी बघत होतो. झाशीपर्यंत वेळेवर. आग्र्याच्या अलीकडे धुकं लागलं आणि गाडी चालेनाशी झाली. दोन तास उशीर, चार तास, सात तास. आळ्याची माणसं मथुरेला उतरून गेली, आता डब्यात दोघंच. पारूबाईंचा फोन आला की मी धीर द्यायचो आणि ठेवला की माझाच धीर सुटायचा. गाडी पुढे सरकेना आणि अकरा वीस काही मागे सरकेना. डोळा वाचला, पण मामाची जागा रिकामी राहिली, तर हा माणूस मला आयुष्यभर काय म्हणेल, हेच मनात. लग्नाच्या दिवशी सकाळी आठ वाजता गाडी दिल्लीला लागली. अकरा तास उशिरा.

अकरा वीसला मिस्त्री गौरीच्या मागे उभे होते. मान खाली घालून. नवऱ्याकडच्या लोकांनी कौतुक केलं म्हणे, की मामा किती हळवे आहेत, वर बघवेना त्यांना. भाचीचा चेहरा त्यांना दिसलाच नाही. फक्त पावलं दिसली, हिरव्या साडीचा काठ आणि पायावर पडलेल्या अक्षता. "पर व्हतो मी तिथं," त्यांनी मला फोनवर सांगितलं.

अडीच महिन्यांनी दोघं दुकानात आले. गॉगल नाही, मान सरळ. मिस्त्रींनी दारातच उभं राहून चांगल्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि ऑपरेशनच्या डोळ्याने माझ्या दुकानाकडे बघितलं. "तुमचा बोर्ड डावीकडनं अर्धा सूत उतरलाय," ते म्हणाले. "एवढी वर्सं तसाच लावून बसलाय व्हय?" मी मोबाईलमध्ये लेव्हल बघायचं ते ॲप उघडून बोर्डाला टेकवलं. उतरला होता. मला भरून आलं आणि मी ते लपवलं नाही. मिस्त्रींनी शेजारून स्टूल मागितलं, पक्कड मागितली आणि वर चढले.

पारूबाई त्याच खुर्चीवर, पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी म्हटलं, "वहिनी, त्या दिवशी तुम्ही पिशवी विसरलात म्हणून वाचलो सगळे."

त्यांनी वर नवऱ्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"इसरले न्हवते भाऊ. ठिवली व्हती. डाक्टर इमान नको म्हनले, ते मी माझ्या कानानं आईकलं व्हतं. पर मी आडवलं आसतं तर सगळं गाव म्हनलं आसतं, पोराला पोरगी न्हाई दिली म्हनून ही दादल्याला जाऊ दीना. वन्संची शपथबी व्हती. म्हनलं, तुमी शिकलेलं मानूस, पिशवी उघडून बघाल. मंग तिथं मोरीत जाऊन बसले. तीनदा गेले. आनखी किती बसायचं, तेच कळंना."

माझा तो ठरलेला प्रश्न मी संतोषला फोनवर विचारला होता. दुकानात मिस्त्रींना 'प्रकृती बरी ना?' एवढं विचारलं होतं. त्या माझ्यासमोर हाताच्या अंतरावर बसल्या होत्या, मांडीवर पिशवी होती, आणि त्यांना मी मोबाईल बंद करायला सांगितलं होतं.

"वहिनी, मला नुसती खूण तरी करायची," मी म्हटलं.

"तुमी मला इचारलं आसतं ना भाऊ," त्या म्हणाल्या, "तर मोडली आसती मी शपथ. इचारल्यावर खोटं बोलता येत न्हाई मला. पर तुमी इचारलंच न्हाई."

"बघा, आता बरुबर हाय का?" मिस्त्री वरून ओरडले.

मी वर बघितलं. बोर्ड सरळ झाला होता.